वाचकांचे प्रश्न : ‘बार्शी लाइट’ पुन्हा धावेल का?

प्रश्न : माझे आजोबा आषाढीला ‘बार्शी लाइट’च्या छोट्या गाडीने पंढरपूरला जात. परदेशात अशा बंद पडलेल्या रेल्वे पुन्हा सुरू केल्या जातात, असे ऐकतो. आपली गाडी का बंद झाली, आणि ती पुन्हा धावू शकेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मुंबईहून सोलापूरला येणारा मोठा लोहमार्ग बार्शीपासून दूरच राहिला, आजच्या कुर्डुवाडी स्थानकाला पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत, ते त्यामुळेच. ही उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीची रेल्वे आखली आणि १८९७ मध्ये तेथून बार्शीपर्यंत गाडी धावली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले व मार्ग सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. १९५४ मध्ये सरकारने तो विकत घेतला.

कॅलथ्रॉपची खरी करामत रुळांच्या रुंदीत नव्हती, वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो वा मालडबा, चाकांच्या कोणत्याही आसावर (जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा त्याने दंडक घातला. त्यासाठी इंजिनाचे वजन अधिक चाकांवर विभागले, आणि म्हणून हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल ओढता आला. आमच्या मते या भागाने जगाच्या रेल्वेविद्येला दिलेली ही मोलाची देणगी आहे, आणि तिची आठवण आपल्याकडेच फारशी कोणी काढत नाही, याचे वाईट वाटते.

गाडी बंद होण्याचे कारण कुर्डुवाडीच्या फलाटावर रोज दिसत असे. दोन्ही मार्गांच्या रुळांची रुंदी वेगळी असल्याने लातूरच्या बाजारातून आलेले पोते छोट्या डब्यातून उतरवायचे, हमालाच्या पाठीवरून पलीकडे न्यायचे आणि मोठ्या डब्यात पुन्हा चढवायचे. वेळ, मजुरी आणि सांडलेले धान्य, तिन्ही खर्च व्यापाऱ्याच्या माथी. त्यामुळे या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या रुंदीच्या रुळांचा झाला. बार्शीच्या प्रवाशाला आता कुर्डुवाडीला गाडी बदलण्याची सक्ती उरली नाही, हे त्या जुन्या मार्गाचेच पुनरुज्जीवन मानावे लागेल.

आपण म्हणता तसे पुनरुज्जीवन वेल्समधील वेल्शपूल आणि लॅनफेअर रेल्वेचे झाले. तीही अडीच फुटी. १९५६ मध्ये बंद पडलेला तो मार्ग स्वयंसेवकांनी हाती घेतला, १९६३ मध्ये त्याचा काही भाग सुरू केला, पण वेल्शपूलला पोहोचायला त्यांना १९८१ उजाडले. त्यांना जुनी वाट मोकळी मिळाली होती. आपल्या वाटेवर बहुतेक ठिकाणी मोठे रूळ पडले आहेत. त्यामुळे बार्शी ते पंढरपूर छोटी गाडी पुन्हा धावेल, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र कुर्डुवाडीत, जेथे या गाड्यांची दुरुस्ती करणारा कारखाना होता, तेथे एखाद-दोन किलोमीटरचे अडीच फुटी रूळ टाकून वारीच्या दिवसांत गाडी चालवणे अशक्य नाही. त्यासाठी लागणारे हात, म्हणजे या गाडीवर काम केलेले फिटर, फायरमन आणि गँगमन, अजून आपल्या गावांत आहेत.