महायुद्धामुळे बंद पडायच्या आधीचा फ्लोरिडा गेटर्सचा 1942 चा सीझन: 3 जिंकल्या, 7 हरल्या

तुमचा प्रश्न असा आहे की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कित्येक कॉलेजांनी फुटबॉल बंद केला, तर बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या वर्षी एखाद्या कमजोर टीमचं नक्की काय झालं असेल, आणि एवढं हरत असताना ते खेळत तरी का राहिले.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की माझ्यासाठी शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली खुन्नस. एमएस करायला फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला आलो तेव्हा कळलं की इथला फुटबॉल म्हणजे तो लांबट बॉल, हातात धरून पळायचा, हेल्मेटवाला, पण खुन्नस मात्र सेम टू सेम. माझे घरमालक आजोबा ऐंशीच्या पुढचे, जॉर्जियाविरुद्धची, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीच्या टीमविरुद्धची मॅच जवळ आली की दरवर्षी न चुकता "सेव्हन्टी फाइव्ह टू नथिंग" एवढंच पुटपुटायचे आणि गप्प बसायचे. पहिल्या वर्षी मला काही टोटल लागली नाही, मग शोधत बसलो आणि त्यातून इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या टीमचा, म्हणजे फ्लोरिडा गेटर्सचा, हा 1942 चा सीझन हाती लागला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेलाच नाही.

तर 75–0. 7 नोव्हेंबर 1942, शनिवार, जॅक्सनव्हिल. एका टचडाउनचे (बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की होतो तो) सहा पॉइंट आणि त्यावरच्या किकचा एक, म्हणजे समोरची टीम दहा-अकरा वेळा तुमच्या हद्दीत घुसली आणि तुम्ही एकदाही त्यांच्या हद्दीत गेला नाहीत असा त्याचा अर्थ. फ्लोरिडा आणि जॉर्जिया यांच्यातल्या सगळ्या मॅचेसमध्ये एवढा मोठा फरक पुन्हा कधीच पडला नाही. समोर कोण होतं तेही बघा, जॉर्जियाकडे फ्रँक सिंक्विच होता ज्याला त्याच वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, जोडीला चार्ली ट्रिपी, आणि ती टीम पुढे 1 जानेवारी 1943 ला रोझ बोल या सीझनअखेरच्या मानाच्या मॅचमध्ये कॅलिफोर्नियाच्या यूसीएलएला 9–0 हरवून आली. म्हणजे देशातल्या पहिल्या दोन-तीन टीम्सपैकी एक, आणि इकडे आपली पोरं.

पण नुसता हा आकडा बघून थांबलं की त्या पोरांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा तेव्हा फक्त मुलांची होती, मुलींना सर्रास प्रवेश 1947 पासून सुरू झाला. आता विचार करा, डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तुमच्या कॉलेजातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी भरतीच्या वयाचा किंवा एक-दोन वर्षांत त्या वयाचा होणारा पुरुष आहे. क्लासरूम रिकामी होणार तशी टीमही रिकामी होणार, दुसरं काय? 1941 पर्यंतचा त्यांचा सगळ्यात दमदार एंड (रांगेच्या टोकाला खेळणारा) फॉरेस्ट फर्ग्युसन, सगळे त्याला फर्गी म्हणायचे, तो 1942 च्या टीममध्ये नव्हताच. कोच टॉम लीब, हा नोत्र दाम युनिव्हर्सिटीत रॉकने या नामांकित कोचच्या हाताखाली तयार झालेला आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत ब्राँझ मिळवलेला माणूस, म्हणजे काही कच्चा गडी नव्हता, पण 1940 ला 5–5, 1941 ला 4–6 आणि मग 1942 ला 3–7, दरवर्षी एक पायरी खालीच. कोचने कितीही डोकं लावलं तरी मैदानात उतरवायला पोरं लागतात ना.

सीझनची सुरुवात कुणाशी झाली माहितीये? जॅक्सनव्हिलच्या नेव्हल एअर स्टेशनच्या टीमशी. त्या काळात सैन्याच्या तळांच्या स्वतःच्या टीम्स असायच्या आणि त्यांत कॉलेज गाजवून भरती झालेले तयार खेळाडू असायचे. फ्लोरिडा 20–7 ने हरली. ज्या युद्धाने कॉलेजातली पोरं उचलून नेली त्याच युद्धाच्या टीमकडून पहिल्याच मॅचला मार, मला हे वाचून खरंच कसंतरी झालं.

त्यानंतर मात्र लागोपाठ तीन जिंकल्या! रँडॉल्फ-मेकन आणि टँपा या लहान टीम्स होत्या ते सोडा, पण तिसरी ऑबर्न, आणि ती 6–0. एका टचडाउनवर अख्खी मॅच धरून ठेवली. आता पुढची गंमत ऐका, ह्याच ऑबर्नने 21 नोव्हेंबरला तोवर एकही मॅच न हरलेल्या जॉर्जियाला 27–13 ने धूळ चारली. म्हणजे फ्लोरिडाने ऑबर्नला हरवलं, ऑबर्नने जॉर्जियाला आणि जॉर्जियाने फ्लोरिडाला 75–0, सगळं साधारण दीड महिन्यात. मग सांगा ती टीम एवढी टाकाऊ होती का? माझ्या मते अकरा जण चांगले होते, पण त्यांच्यामागे बेंचवर कुणी उरलं नव्हतं. तेव्हा आजच्यासारखं अटॅकला वेगळे आणि डिफेन्सला वेगळे खेळाडू नसायचे, तेच दोन्हीकडे राबायचे, त्यामुळे बदली खेळाडू नसले की अशी टीम सीझन पुढे सरकेल तशी बसत जाते. तसंच झालं, ऑबर्ननंतर सलग सहा मॅचेस हरले.

अजून एक गोष्ट जी इकडे बसून पटकन लक्षात येत नाही. अमेरिकेला युद्ध लांब होतं असं आपल्याला वाटतं, पण फ्लोरिडाच्या किनाऱ्याला ते लांब नव्हतं. एप्रिल 1942 मध्ये जॅक्सनव्हिल बीचच्या समोर जर्मन पाणबुडीने गल्फअमेरिका नावाचा तेलाचा टँकर बुडवला, किनाऱ्यावरच्या लोकांनी तो जळताना डोळ्यांनी बघितला. जूनमध्ये तिथून जवळच पाँटे व्हेड्राच्या वाळूवर चार जर्मन घातपाती पाणबुडीतून उतरले, पुढे पकडले गेले. आणि त्याच जॅक्सनव्हिलमध्ये पाच महिन्यांनी ही 75–0 वाली मॅच. पेट्रोल रेशनवर, टायर रेशनवर. मॅच शनिवारी झाली आणि रविवारी अमेरिकन फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या. मॅचला आठवडा व्हायच्या आत भरतीचं वय 20 वरून 18 वर आणलं गेलं. म्हणजे त्या मैदानावर जो सगळ्यात लहान पोरगा असेल तोही आता यादीत.

इथेच टीमचं भवितव्य ठरल्यासारखं होतं. बरेच जण म्हणतात की हरत होते म्हणून बंद केलं, ते बरोबर नाही. 1943 मध्ये कुठली टीम वाचली आणि कुठली गेली यात जिंकण्या-हरण्याचा फारसा संबंध नव्हता. नेव्हीचा व्ही-12 म्हणून ट्रेनिंग प्रोग्रॅम होता, त्यातल्या मुलांना कॉलेजकडून खेळायची परवानगी होती, पण आर्मीने आपल्या ट्रेनिंगमधल्या मुलांना कॉलेजच्या मॅचेस खेळायला मनाई केली होती. ज्या कॉलेजच्या वाट्याला नेव्ही आली त्याला आयते खेळाडू मिळाले, ज्याच्या वाट्याला आर्मी आली त्याचं मैदान बहुतेक वेळा ओस. फ्लोरिडा ज्या गटात खेळायची त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये 12 कॉलेजं होती, त्यातल्या फक्त जॉर्जिया टेक, जॉर्जिया, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि टुलेन या चारच 1943 ला नेहमीसारख्या खेळल्या. टेनेसी आणि अलाबामा या तर 1942 ला तगड्या टीम्स होत्या, त्याही बंद. फ्लोरिडाही बंद. 1926 पासून दरवर्षी चाललेली फ्लोरिडा-जॉर्जिया मॅच त्या एकाच वर्षी झाली नाही, यादीत 1942 नंतर थेट 1944 येतं.

आता ते खेळत का राहिले. त्यांच्या मनात शिरून मी सांगू शकत नाही, पण मला तरी वाटतं की पुढच्या शनिवारी मॅच आहे हे माहीत असणं हीच त्या पोरांकडे उरलेली एकमेव ठरलेली गोष्ट असेल. पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू हे कुणालाच माहीत नव्हतं, पण मियामीशी मॅच कधी आहे ते माहीत होतं. 75–0 नंतर टीम घरी बसली असती तर कोण काय बोललं असतं? पण ते मियामीशी खेळले, जॉर्जिया टेकशी खेळले, दोन्ही हरले आणि सीझन पूर्ण केला.

फर्गीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 6 जून 1944 ला तो नॉर्मंडीत उतरला, त्याने पुढे होऊन हल्ला केला आणि मागच्या जवानांना वाट करून दिली, त्यासाठी त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे मोठं शौर्यपदक मिळालं. जबर जखमी झाला होता, त्याच दुखण्यातून 1954 मध्ये गेला. आजही फ्लोरिडाच्या टीममधल्या एका सीनियर खेळाडूला त्याच्या नावाचा अवॉर्ड देतात. त्याच्याही आधीचा, 1937 चा स्टार वॉल्टर मेबेरी मरीन पायलट झाला आणि जपान्यांच्या कैदेत मेला.

टीम 1944 ला परत उभी राहिली, लीबच कोच, 4–3. मग युद्ध संपलं, मोठी पोरं परत आली, आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असताना 1946 ला 0–9, एकसुद्धा मॅच जिंकली नाही. पण त्या सीझनबद्दल आमच्या आजोबांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी एकदा त्यांना ऑबर्नच्या त्या 6–0 बद्दल सांगितलं, त्यांना ती मॅच माहीत नव्हती, त्यांनी मला तारीख विचारली आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली.