धुरावर सुकवलेली तंबाखू

प्रश्न : काही सिगारच्या तंबाखूला चक्क लाकडाच्या धुराचा वास येतो, तो वरून मारतात का? आणि अमेरिकेत म्हणे कोठारातून धूर निघत असतो तरी कोणी फायर ब्रिगेडला बोलवत नाही, खरं काय?

उत्तर : नाही हो, वरून काही मारत नाहीत, पानं धुरावरच सुकवतात म्हणून तो वास. अमेरिकेतल्या केंटकी, टेनेसी राज्यांत शेतकरी कुटुंबं अजून हे करतात. अख्खं झाड बुंध्याशी कापायचं, काठीत ओवायचं, उंच कोठारात थरावर थर टांगायचं, मग पानं पिवळी पडली की खाली जमिनीवर ओक-हिकरीची लाकडं पेटवून वर भुसा घालायचा. जाळ नको, नुसतं धुमसायला हवं, खरं कसब तिथेच, कारण वर सुकत आलेली पानं आणि खाली विस्तव, जरा डोळा लागला की कोठार खाक! धूर फटींतून बाहेर येत राहतो, शेजाऱ्यांना त्याची सवय असते. शेवटी पान इतकं कुरकुरीत होतं की हात लावला तर चुरा, म्हणून दमट हवेची वाट बघतात आणि पान मऊ पडल्यावरच उतरवतात. बराचसा माल तोंडात ठेवायच्या तंबाखूत जातो, सिगारला थोडाच. इटलीचा तोस्कानो सिगार मात्र केंटकी नावाच्या याच जातीच्या तंबाखूवर चालतो आणि ती इटलीतही पिकवतात, तशीच धुरावर सुकवून.