चार वाजल्यानंतरची शाळा
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील असून यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील एका निवासी शाळेने मला एक वर्षाची सेवा-फेलोशिप देऊ केली आहे. राहण्याजेवण्याची सोय आणि थोडे मानधन मिळेल. आठवी-नववीला विज्ञान व गणित शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहात राहायचे. घरच्यांचे म्हणणे असे की, वर्ष फुकट जाईल, त्यापेक्षा सरळ बी.एड. कर. हे वर्ष पुढे शिक्षक भरतीत धरले जाईल का?

उत्तर : भरतीत ते धरले जाईल, अशी आशा ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार २०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकाला ठरलेली व्यावसायिक अर्हता आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), दोन्ही लागतात. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे आणि त्यातील आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, महाविद्यालयानेच नेमलेल्या शाळेत करावी लागते, त्यामुळे फेलोशिपचे वर्ष तिच्या जागी चालत नाही. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवले आहे. तुमचा विषय पाहता तुमची वाट सहावीपासून वरची आहे, हेही आताच घरी सांगून ठेवा.

एवढे सांगूनही माझा सल्ला असा की, शाळा चांगली असेल तर हे वर्ष जरूर द्या. आपल्याला शिकवणे झेपते का, आवडते का, हे बी.एड.ला दोन वर्षे व फी घालण्याआधी कळणे ही लहान गोष्ट नाही. मात्र शाळा चांगली आहे की नाही हे ओळखण्यासाठी तिचा दहावीचा निकाल पाहू नका. दुपारी चारनंतर तिथे काय चालते ते पाहा. निवासी शाळेतील फेलोचे खरे काम तासिका संपल्यावर सुरू होते. संध्याकाळच्या अभ्यासिकेत जी मुलगी अपूर्णांकांपाशी अडून बसली आहे तिच्याजवळ बसणे, रात्री ताप आलेल्या मुलीला अधीक्षिकेकडे नेणे, मुंबईहून आईचा फोन न आल्यामुळे जेवणाच्या ताटावरून उठलेल्या मुलीशी बोलणे, ही कामे वेळापत्रकात लिहिलेली नसतात. कोकणातील वसतिगृहांत अशी मुले बरीच असतात, कारण आईवडील चाकरमानी किंवा वडील महिनोन्‌महिने बोटीवर, आणि घरी फक्त आजी, अशी घरे इथे गावोगाव आहेत.

म्हणून होकार देण्यापूर्वी एक दिवस आणि एक रात्र तिथे राहून येण्याची परवानगी मागा. शाळेने ती नाकारली तर तेवढ्यावरच नकार द्यायला हरकत नाही. राहाल तेव्हा हे विचारून घ्या : तुमची खोली मुलींच्या दालनापासून वेगळी आणि आतून कडी लागणारी आहे का, आठवड्याची सुटी खरोखर मिळते का, की रविवारही अभ्यासिकेत जातो, तुमचा तास वर्गात मागे बसून पाहणारी आणि नंतर त्याविषयी बोलणारी अनुभवी शिक्षिका कोण. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्गदर्शक नसेल तर वर्षभर राबूनही तुम्ही जून महिन्यात जेवढे जाणत होता तेवढेच जाणून बाहेर पडाल. मानधन, सुट्या आणि कामाचे तास लेखी घ्या.

घरच्यांना पटवताना पालगडच्या साने गुरुजींची आठवण करून देता येईल. अंमळनेरच्या शाळेत ते शिकवत आणि तिथले छात्रालयही सांभाळत. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरेपर्यंतची ही सारी वर्षे मुलांच्या सहवासात गेली. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांच्या पुण्याजवळच्या हिंगण्यातील स्त्रीशिक्षणाच्या कामातही अल्प वेतनावर आयुष्य देणारे सेवक होते. तुमच्याकडून कोणी आयुष्य मागत नाही, पण जे वर्ष द्याल ते वार्षिक परीक्षेपर्यंत पुरे द्या. ज्या मुलींच्या घरचीच माणसे सतत दूर जातात, त्यांना डिसेंबरात अर्ध्यावर सोडून जाणे फार लागते.

प्रश्न : आमची संस्था दापोली तालुक्यात वसतिगृहासह माध्यमिक शाळा चालवते. गणित व इंग्रजीची पदे रिक्त आहेत. नुकतेच पदवीधर झालेल्या तरुणांना फेलोशिप देऊन ही अडचण सोडवावी असा विचार आहे. आपले मत काय? (एक संस्थाचालक)

उत्तर : रिक्त पदांवर फेलो बसवू नका, ही नम्र परंतु स्पष्ट विनंती आहे. तसे केल्यास पद भरण्याचा पाठपुरावा थंडावतो, अप्रशिक्षित तरुणावर दहावीचा भार पडतो आणि दरवर्षी नव्या माणसाकडून मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फेलो हा शिक्षकाच्या जोडीला हवा : मागे पडलेल्या सात-आठ मुलांचा गट, प्रयोगशाळा, वाचनालय, संध्याकाळची अभ्यासिका. तालुक्यातील निवृत्त गणित शिक्षकांना आठवड्यातून एकदा बोलावून फेलोंच्या तासांवर चर्चा ठेवलीत तर त्याचा खर्च थोडा आणि उपयोग मोठा होईल.

निवड करताना पोलीस पडताळणी टाळू नका. रुजू होताना प्रत्येकाला हे समजावून सांगा की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या बदनामीच्या भीतीने ती दडपता येत नाही. बावीस वर्षांच्या तरुणाला मुलांशी मैत्री करायला सांगताना मर्यादाही आखून द्याव्या लागतात : एकट्या मुलाला बंद खोलीत बोलवायचे नाही, पैसे किंवा मोबाईल द्यायचा नाही. फेलोंना जूनच्या मध्यावर शाळा उघडण्याआधी किमान पंधरवडा बोलवा, म्हणजे पावसाळ्यात वीज गेल्यावर आणि रस्ता बंद झाल्यावर काय करायचे हेही त्यांना ठाऊक असेल.

प्रश्न : मी पुण्याचा. रायगड जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिकवण्यासाठी निवड झाली आहे. कातकरी मुले दिवाळीच्या सुटीनंतर लवकर परतत नाहीत, असे ऐकले. फेलोने काय करावे?

उत्तर : पावसाळा संपला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण सोबत जाते. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच अधीक्षकांबरोबर वाड्यांवर जाऊन कुटुंब कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, फोन कुणाकडे, हे लिहून घ्या. उशिरा आलेल्या मुलाला हजेरीवरून सर्वांदेखत बोलू नका. त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर मागचा धडा घ्या. घरी बोलली जाणारी कातकरी भाषा पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी आहे, तेव्हा सुरुवातीला मुले गप्प राहिली तर त्यांना विषय येत नाही असे धरून चालू नका. मोठ्या वर्गातील एखाद्या मुलाला शेजारी बसवून घ्या आणि पहिले काही आठवडे त्याच्याकडून तुम्ही शिका.