साठा, वारसा आणि सत्ता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : श्रीमंत-गरीब हा भेद माणसाच्या मूळ स्वभावातच आहे, असे मानावे का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग शिकाऱ्यांमध्ये मांसवाटपाचा मान नेम साधणाऱ्याला नव्हे, तर बाणाच्या मालकाला मिळत असे. बाणांची आपसांत सतत देवघेव होत असल्यामुळे हा मान एखाद्या पट्टीच्या शिकाऱ्याकडेच साचून राहत नसे.

प्रश्न : मग शेतीबरोबर विषमता आली, असे म्हणायचे का?

उत्तर : इतके सरळ म्हणता येणार नाही. तुर्कस्तानातील चातालहोयुक येथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वी शेती करणारे लोक मोठ्या वस्तीत जवळपास सारख्याच घरांत राहत होते आणि तेथे राजवाडा सापडलेला नाही. उलट, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील समाज मासेमारीवर जगत, तरीही सॅमन मासे वाळवून साठवणाऱ्या त्या समाजांत वंशपरंपरागत सरदार होते आणि गुलामही होते. त्यामुळे साठा कोणाच्या ताब्यात राहतो आणि तो ताबा वारशाने पुढे जातो का, हेच प्रश्न मला निर्णायक वाटतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर आणि त्याला जोडून धान्याचे कोठार सापडले. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला एक पुरुषही आढळला. हे घर वस्तीप्रमुखाचे असावे, असा अभ्यासकांचा तर्क असून घर, कोठार आणि दफन एकाच ठिकाणी आढळल्यामुळे मला तो पटतो.

प्रश्न : आज जागतिक आर्थिक परिषदेसाठी स्वित्झर्लंडमधील दावोसला जमणारे मूठभर धनाढ्यच जग चालवतात का?

उत्तर : त्यांचा प्रभाव मोठा आहे, पण तो समजून घेण्यासाठी गुप्त कटाची कल्पना करण्याची गरज नाही, त्याचा पाया उघड कायद्यांत आहे. ब्रिटनने १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा केल्यावर कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान त्याच्या भागभांडवलापुरतेच राहू लागले. आता भांडवल सहज सीमा ओलांडते, कर बसवण्याचा अधिकार मात्र देशोदेशींच्या सरकारांकडे विखुरलेला आहे. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावण्याचे १३० हून अधिक देशांनी २०२१ मध्ये मान्य केले, ते ही दरी बुजवण्यासाठीच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हा करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले आणि जगातील अनेक बलाढ्य कंपन्या तेथीलच असल्यामुळे मला ही बाब अत्यंत चिंताजनक वाटते.