हाताला जोर कमी, मग पिस्तूल कोणतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : वय 67, डॅलसजवळ एकटी राहते, ग्रीन कार्ड आहे. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी संधिवात, बरणीचं झाकणही फिरत नाही. संरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवायचं ठरवलंय. दुकानात 'बायकांच्या हाताला बरं' म्हणून तळहाताएवढं पिस्तूल दाखवलं, त्याची स्लाइड (गोळी भरण्यासाठी मागे ओढायचा वरचा सरकता भाग) मला तसूभर हलली नाही. मग पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. तेच घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. तुम्हाला दाखवलेल्या दोन्ही वस्तू दुखऱ्या हाताला सर्वांत जड जाणाऱ्या आहेत आणि दुकानदार नेमक्या त्याच पुढे करतात, याचं वाईट वाटतं.

पिस्तूल जितकं छोटं, तितकी स्लाइड ताठ. रुगर एलसीपीसारखं पिस्तूल रिकामं असताना जेमतेम 270 ग्रॅम भरतं. एवढीशी स्लाइड थोड्या अंतरात थांबवायची तर स्प्रिंग कडकच लागते आणि बोटांना धरायला जागाही नसते. वजन कमी म्हणून गोळी सुटल्यावरचा धक्काही सगळा अंगठ्याच्या सांध्यात येतो. दुसरी गोष्ट आतल्या रचनेची. वॉल्थर पीपीकेसारखी .380 मापाच्या गोळीची जुनी पिस्तुलं 'ब्लोबॅक' पद्धतीची असतात. त्यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, गोळी सुटताना स्लाइड रोखून धरतात ते फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून ती स्प्रिंग दणकट. 'लॉक्ड ब्रीच' रचनेत नळी आणि स्लाइड क्षणभर जोडीनं मागे सरकतात, त्यामुळे त्याच गोळीला नरम स्प्रिंग चालते. दुकानात 'हे लॉक्ड ब्रीच आहे का?' हाच पहिला प्रश्न विचारा.

तुमच्या हाताला स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी 380 शील्ड ईझेड आधी लावून बघा. 2018 मध्ये आलेलं हे पिस्तूल साधारण 525 ग्रॅमचं आहे, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) 8 गोळ्या. स्लाइडच्या मागच्या कडेला पकडीसाठी उंचवटे आहेत, आणि मॅगझिनच्या बाजूच्या खुंट्या खाली ओढल्या की स्प्रिंग दबते, गोळ्या अलगद आत जातात. एक मात्र नीट तपासा : याच्या मुठीमागे सेफ्टीची पट्टी आहे, ती तळहातानं दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. अंगठा दुखतो म्हणून मूठ तिरपी धरली, तरीही ती दबते का, ते पाहा. जुनं घेत असाल तर 1 मार्च ते 31 ऑक्टोबर 2020 दरम्यान बनलेलं नाही ना, याची खात्री करा. घोड्यातल्या (हॅमर, म्हणजे काडतुसाला ठोका देणारा भाग) दोषामुळे कंपनीनं त्या काळातली शील्ड ईझेड पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवली होती. सीरियल नंबर कंपनीला कळवला की उत्तर मिळतं. थोडं मोठं चालत असेल तर रुगर सिक्युरिटी-380 हाही चांगला पर्याय आहे.

आता रिव्हॉल्व्हर. त्याला स्लाइड नाही हे खरं, पण ते काम बोटावर येतं. घोडा न चढवता ट्रिगर ओढायचा तर साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, आणि तोही प्रत्येक गोळीला. दुकानदाराच्या परवानगीनं, काडतुसं नसल्याची स्वतः खात्री करून, सलग दहा वेळा ट्रिगर ओढा. सातव्या-आठव्या वेळी नळी हलायला लागली, तर ते रिव्हॉल्व्हर तुमचं नाही. त्यात ते 425 ग्रॅमचं असेल आणि गोळी .38 स्पेशल, तर संधिवाताच्या हाताला दुसरी गोळी नकोशी होते. रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर .327 फेडरल गोळीचं रुगर एलसीआर मागा. त्यात कमी धक्क्याच्या .32 एच अँड आर मॅग्नम आणि .32 एस अँड डब्ल्यू लाँग गोळ्याही चालतात. 'धक्का नको, मग .22 घ्या' असंही कोणी सांगेल. त्याचा धक्का खरंच नगण्य, पण रिमफायर काडतूस पेटायला कडेवर जोरात ठोका बसावा लागतो, म्हणून .22 रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर बऱ्याचदा आणखी जड असतो.

स्लाइड ओढण्याची पद्धत बदलली तर निम्मं काम होतं. बहुतेक जण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती मागे खेचतात, आणि तुमचं दुखणं नेमकं चिमटीत आहे. पिस्तूल छातीजवळ आणा, कोपरं वाकलेली, बोट ट्रिगरबाहेर. डावा तळहात वरून स्लाइडच्या मागच्या भागावर ठेवा, चारही बोटं पलीकडच्या बाजूला वळवून घट्ट धरा. आता स्लाइड ओढू नका. डावा हात जागच्या जागी ठेवून उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकला. खांद्याचा आणि छातीचा जोर वापरला जातो, बोटांचा नाही. स्लाइड पूर्ण मागे गेली की हात झटकन सोडा. तिला हळूहळू पुढे सोबत केली तर गोळी अर्धवट बसते आणि पिस्तूल अडतं. हे करताना नळी नकळत डावीकडे, स्वतःच्या कोपराकडे किंवा शेजाऱ्याकडे वळते. नळी सतत समोरच हवी, यावर प्रशिक्षकाला लक्ष ठेवायला सांगा.

मनगट सैल राहिलं तर आणखी एक अडचण येते. स्लाइडला मागे जायला टेकू मिळत नाही, रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडच्या खिडकीत (पुंगळी बाहेर पडायच्या खाचेत) उभी अडकते. दोष पिस्तुलाचा वाटतो, असतो पकडीचा. म्हणून विकत घेण्याआधी नेमबाजीच्या रेंजवर तेच मॉडेल भाड्यानं घेऊन 50 गोळ्या चालवा. शेवटच्या दहा गोळ्यांकडे बघा, कारण हात दमलेला असताना पिस्तूल कसं चालतं ते तिथं कळतं.

मॅगझिन भरायला मॅगलुला कंपनीचं लोडर घ्या. .380 साठी त्यांचं बेबी अपलुला लागतं. ते फक्त एकेरी रांगेच्या, बाजूला खुंट्या नसलेल्या मॅगझिनला चालतं; शील्ड ईझेडला त्याच्या खुंट्याच पुरतात. पिस्तूल ठेवायची तिजोरी किल्लीची नको, किल्ली फिरवणं तुम्हाला झाकणाइतकंच अवघड जाईल. मोठ्या बटणांची घ्या.

नळी वर उघडणारी पिस्तुलंही आहेत. बेरेटाच्या टॉमकॅटमध्ये खटका दाबला की नळी वर येते आणि पहिली गोळी हातानं ठेवता येते, स्लाइड ओढावी लागत नाही. पण टॉमकॅटच्या मूळ रचनेत एक्स्ट्रॅक्टर (काडतूस नळीतून ओढून काढणारा आकडा) नाही. गोळी फुसकी निघाली तर स्लाइड ओढून ती निघत नाही, नळी उघडून काढावी लागते.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो, मी नागरिक आहे. आईबाबा बी-2 (पर्यटक) व्हिसावर आलेत. आईच्या हाताला कोणतं पिस्तूल पेलेल ते रेंजवर बघू का?

उत्तर : नको. नॉनइमिग्रंट (कायम वास्तव्याचा नसलेल्या) व्हिसावर आलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असे मोजके अपवाद आहेत. एच-1बी आणि एच-4 वरच्यांनाही हेच लागू. तुम्हाला स्वतःसाठी घ्यायचं असेल तर न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनला वेगळा परवाना लागतो.

प्रश्न : पुण्यात राहतो, वय 72. परवान्यावर .32 चं जुनं सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर आहे. ट्रिगर आता ओढवत नाही. स्प्रिंग कापून घेऊ का?

उत्तर : स्प्रिंग कापू नका. ठोका हलका पडतो आणि काडतूस पेटत नाही. नवी स्प्रिंग बसवायचीच असेल तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच जा. त्याआधी एक करून बघा : ट्रिगर बोटाच्या टोकानं न ओढता पहिल्या पेराच्या सांध्यात घ्या, जोर बराच वाढतो. तरीही जमलं नाही तर डाव्या अंगठ्यानं घोडा चढवा, उजवा हात मुठीवरून हलवू नका. घोडा चढला की ट्रिगर फारच हलका होतो, त्यामुळे नेम धरेपर्यंत बोट बाहेर. चढवलेला घोडा उतरवताना अंगठा निसटला तर गोळी सुटते. हा सराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. 2014 मध्ये आलेलं 'निर्भीक' हे सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर साधारण 500 ग्रॅमचं आहे, पण हलकं म्हणून ते घेण्याआधी त्याचा ट्रिगर ओढून बघा. तुमची अडचण वजनाची नाही.