आधी ब्रेक, मग बाकी सगळं

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ट्रकचे फोटो पोचले. 1970 ची शेव्हरोले सी-10, सहा सिलिंडरचं 250 घनइंची इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागे सामानाचा आठ फुटी उघडा हौदा, म्हणजे बेड. आधी विचारलं असतंस तर मीही हेच नाव सुचवलं असतं. 1967 ते 1972 या सहा वर्षांतल्या शेव्हरोले ट्रकचे बहुतेक सगळे भाग आजही नवे मिळतात, दाराच्या रबरापासून केबिनच्या अख्ख्या फ्लोअरपर्यंत. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात, पाना आणि डोकं मावेल एवढी मोकळी जागा. शिकायला असंच वाहन हवं.

आजोबांनी फोनवर "अमेरिकेत जाऊन भंगार कशाला घेतलंस?" असं विचारलं म्हणतेस. त्यांना सांग, जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता आणि तो 1954 पर्यंत चालला. शेव्हरोले हे नाव त्यांच्या मुंबईला अनोळखी नव्हतं.

आता कामाचं. पुढच्या लाँग वीकएंडला मैत्रिणींना बोलावून केबिन, बेड, इंजिन सगळं उतरवायचं, चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, उघडी करून वाळूच्या माऱ्याने साफ करायची आणि शून्यापासून बांधत यायचं, असा तुझा बेत आहे. तो बेत रद्द कर. हे पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः एवढ्यासाठीच.

जुन्या ट्रकच्या जाहिराती चाळून बघ. इंजिन एका कोपऱ्यात, दारं भिंतीला टेकवलेली, नटबोल्ट कॉफीच्या डब्यांत, आणि खाली मालकाची ओळ: वेळ मिळत नाही म्हणून विकणे आहे. हे लोक आळशी नव्हते. ट्रक खोलायला दोन दिवस लागतात आणि जोडायला दोन-तीन वर्षं, एवढंच त्यांनी धरलं नव्हतं. त्या दोन-तीन वर्षांत नोकरी बदलते, घर बदलतं, लग्न होतं, आणि कुठला बोल्ट कुठला हे डोक्यातून पुसलं जातं. शिवाय सुट्या ट्रकवर महिनाभर राबलं तरी हाताला काही लागत नाही. चालता ट्रक मात्र प्रत्येक दुरुस्तीनंतर लगेच फरक दाखवतो, आणि त्या फरकातूनच तू शिकणार आहेस. एक व्यावहारिक गोष्टही आहे. बऱ्याच गावांत न चालणारी, नोंदणी नसलेली गाडी घरासमोर उघड्यावर ठेवू देत नाहीत. तुझ्या गावचा नियम आधी बघून घे.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट हातात घे, ती पूर्ण कर, गाडी चालवून बघ, मग पुढची.

सुरुवात कागदांपासून. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर एकच आहे ना, हे अक्षर न अक्षर ताडून पाहा. तुझा नंबर सीएसने सुरू होतो: सी म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारा, एस म्हणजे सहा सिलिंडर. मागचं अक्षर एफ आहे, म्हणजे ट्रक मिशिगनमधल्या फ्लिंटला बनला, माझ्या घरापासून जवळच. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा एक कागद चिकटवलेला असतो. कुठला रंग, कुठला गिअरबॉक्स, कुठले जादा भाग, सगळं त्यावर छापलेलं असतं. त्याला ओलं फडकं लावू नकोस. आधी फोटो काढ.

मग ब्रेक. इंजिन सुरू करण्याच्याही आधी. बहुतेक जण उलट करतात, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची घाई असते, आणि आवाज आला की गाडी गल्लीतून एक फेरी मारून आणावीशी वाटतेच. सुमारे दोन टन वजन असलेल्या आणि थांबण्याची खात्री नसलेल्या वस्तूत बसून तू रस्त्यावर गेलेली मला चालणार नाही.

तुझ्या ट्रकला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दोन शू दाबून थांबवणारे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक सरसकट आले ते 1971 पासून. ड्रमला घाबरू नकोस, नीट जुळवलेले ड्रम या ट्रकला पुरतात. पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडरही 1967 पासून दोन कप्प्यांचा आहे, त्यामुळे पुढची लाइन फुटली तरी मागची दोन चाकं धरतात, आणि उलटही. कुणीतरी तुला डिस्क बसवून घे म्हणेल. तेव्हा लक्षात ठेव की 1970 पर्यंतच्या सी-10 ला चाकाला सहा बोल्ट आहेत आणि 1971 पासून पाच. पुढे नंतरच्या ट्रकचे भाग घातलेस तर पुढे पाच, मागे सहा अशी गत होते, मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो, आणि दोन चाकांचं काम चार चाकांचं होऊन बसतं. ते पुढे कधीतरी कर, हौस उरली तर.

काम करताना गाडी जॅकवर कधीच सोडायची नाही. सपाट काँक्रीट, चांगले स्टँड, जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे. सिमेंटचे पोकळ ब्लॉक स्टँड म्हणून वापरू नकोस, ते काही इशारा न देता फुटतात. ड्रमच्या आतली काळी धूळ ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिच्यावर हवेचा पाइप मारायचा नाही, कोरड्या ब्रशने झटकायची नाही. साबणाच्या पाण्याचा फवारा मार, ओल्या फडक्याने टिपून घे, आणि फडकं पिशवीत बांधून टाक.

एका वेळी एकच चाक खोल. डावं उघडं असेल तर उजवं झाकलेलंच राहू दे. स्प्रिंग कुठे अडकते, केबल कुठून वळते, हे विसरलीस की पलीकडे जाऊन बघता येईल. दोन शूंपैकी एकाचं अस्तर लांब असतं. ते मागच्या अंगाला जातं, आखूड पुढच्या. उलटं बसवलं तरी ड्रम चढतो, चाक फिरतं, सगळं ठीक दिसतं. फक्त ट्रक हवा तिथे थांबत नाही. तसंच खालचा दातेरी ॲडजस्टर. डाव्याचे आटे आणि उजव्याचे आटे उलट्या दिशेचे असतात. दोन्ही एका ताटलीत टाकून धुतलेस आणि अदलाबदल झाली, तर ब्रेक आपोआप घट्ट होण्याऐवजी दर वेळी थोडा सैल होत जाईल. दोन वेगळ्या पिशव्या कर आणि त्यांवर बाजू लिही.

शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर प्रत्येक चाकात असतो, तो व्हील सिलिंडर. त्याच्या टोकाची रबरी टोपी नखाने उचलून बघ. आत ओल दिसली तर तो सिलिंडर बदलायचा. रबरी होज तीन आहेत, पुढे दोन आणि मागे मधोमध एक. ते कितीही चांगले दिसले तरी बदल. जुना होज आतून फुगतो, पाय दाबला की ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, मग ब्रेक चिकटतो आणि चाक तापतं. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. लोखंडी लाइन गंजल्या असतील तर निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी घे, ती हाताने वळते. नळीच्या टोकाची पसरवलेली कड, म्हणजे फ्लेअर, दुहेरी घडीचीच हवी, एकेरी चालत नाही. मास्टर सिलिंडर बसवण्याआधी कामाच्या बाकावरच त्यातली हवा काढ. मग मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं, म्हणजे लांबून जवळ या क्रमाने हवा काढत ये. ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा फेंडरवर जुनी चादर टाक.

पेडल टणक लागलं आणि घरासमोरच्या सपाटीवर ढकललेला ट्रक पायाखाली जागच्या जागी थांबला, की मगच इंजिनाकडे वळ.

इंजिनाचं फार सांगत नाही, ते दणकट आहे. सहाही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड आणि रात्रभर मुरू दे. मग ट्रक वरच्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकल आणि इंजिन मोकळं फिरतं का बघ. फिरलं की बाकी गोष्टी सोप्या: ताजं ऑइल, आणि ठिणगीसाठी नवे पॉइंट, कंडेन्सर, प्लग. प्लगच्या वायर एकेक करून बदल, ठिणगीचा क्रम 1-5-3-6-2-4. ऑइल जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला चालणारं, पुरेसं झिंक असलेलं घे. पहिल्यांदा सुरू करताना जुन्या टाकीतलं पेट्रोल अजिबात वापरू नकोस, वेगळ्या कॅनमधून दे. शेजारी आग विझवायचा सिलिंडर हवा. आणि हे इंजिन काढून आधुनिक व्ही-8 घाल असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. त्या एका बदलापायी गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग, एक्झॉस्ट, पेट्रोलची लाइन, सगळं बदलत जातं आणि चालता ट्रक पुन्हा सुटा होतो.

या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये आहे, सीटच्या पाठीमागे. 1972 पर्यंत ती तिथेच होती. केबिनमध्ये वास येतो म्हणतेस, तो बहुधा भरायच्या तोंडाचा जुना रबरी पाइप चिरल्यामुळे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलून टाक.

आता तुझ्या फोटोंतला गंज. तो मी मोठा करून बघितला. दाराखालचा पोकळ पत्र्याचा पट्टा, म्हणजे रॉकर, आणि केबिनचे मागचे खालचे कोपरे, दोन्हीकडे रंग फुगलाय. ओहायोत हे व्हायचंच. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खालीच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, यावरून इकडच्या मिठाचा अंदाज कर. पण सगळा दोष मिठाचा नाही. काचेच्या पुढच्या जाळीतून पाणी आणि पानं आत उतरतात, दाराच्या काचेलगतच्या फेल्टमधून पाणी झिरपतं, पुढचं चाक चिखल उडवतं, आणि हे सगळं त्या पोकळ दुहेरी पत्र्यात साचून बसतं. पत्रा आतून सडत येतो. बाहेर फोड दिसते तेव्हा आतला अर्धा गेलेला असतो.

आधी चुंबक घे आणि फडक्यात गुंडाळून सगळ्या खालच्या भागावरून फिरव. चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. तिथे खडूने खूण कर. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलके टोचत जा आणि पत्रा आवाज बदलतो तिथपर्यंत रेघ ओढ. नवा पत्रा मोठा येतो म्हणून तेवढा मोठा भाग कापायचा असं नाही. चांगला मूळ पत्रा जितका वाचेल तितका वाचव.

कापण्याआधी टाकी बाहेर काढ. रिकामी नव्हे, बाहेर, आणि गॅरेजपासून लांब. ज्या कोपऱ्याला तू वेल्डिंग करणार त्याच्या आतच ती बसलेली आहे, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण तिच्यात वाफ असते. पत्रा साफ करायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नकोस. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. साधं ॲसिटोन वापर आणि ते पूर्ण वाळू दे.

दारं काढू नकोस. केबिन चॅसीला बोल्टने बसलेली असतानाच हे काम करायचं. दार लावून चहूबाजूंची फट मोजून ठेव आणि आकडे दाराच्या काचेवर मार्करने लिही. मग दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा पाइप तात्पुरता वेल्ड कर. रॉकर हा केबिनचा कणा आहे, तो कापला की चौकट दोन-तीन मिलिमीटरने बसते, आणि नवा रॉकर त्याच बसलेल्या मापात वेल्ड झाला की ते दार पुन्हा कधी नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू कर.

नवा पत्रा पहिल्या झटक्यात बसत नाही. लाव, खूण कर, घास, परत लाव. कडा एकमेकींवर चढवू नकोस, त्या सापटीत पुन्हा पाणी बसेल. कडेला कड भिडव. तार आणि गॅसवर चालणाऱ्या मिग वेल्डरमध्ये 0.023 इंची तार, गॅस 75 टक्के आरगॉन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड. एक टिपका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा आणखी तिकडे. मधल्या वेळात हात लावून बघ, पत्रा कोमट असेल तर थांब. सलग ओढलीस तर पत्रा लाटा घेतो आणि त्या लाटा मग पुट्टीखाली झाकाव्या लागतात. शेवटी आतल्या पोकळीत मेणाचा फवारा मार आणि रॉकरच्या तळाची पाणी जायची भोकं उघडी आहेत ना बघ. अनेक जण ती चुकून सीलरने बुजवतात आणि गंज पुन्हा सुरू होतो.

रंगाला हात लावू नकोस. तो उन्हाने फिका झालाय, दारावर जुन्या मालकाच्या धंद्याच्या नावाची अक्षरं अजून पुसट दिसतात. ते राहू दे. हा कामाचा ट्रक होता आणि ती अक्षरं नव्याने आणता येत नाहीत. नव्या पत्र्याला प्रायमर आणि जवळचा रंग ब्रशने लावलास तरी चालेल. पुढे खरंच रंगवायचा झाला तर रंगवाल्याकडे दे. हार्डनरच्या रंगातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करतं आणि त्याला दुकानातला साधा मास्क पुरत नाही.

ऑक्टोबरात मी तुझ्याकडे कोलंबसला येतोय, वेल्डर गाडीत टाकून आणतो. तोवर जुन्या फेंडरचा एखादा तुकडा मिळवून ठेव, आधी त्यावर हात बसवू. या शनिवारी पुढचा डावा ड्रम तेवढा काढ. स्प्रिंगांना हात लावण्याआधी सरळ समोरून फोटो काढून मला पाठव. मी घरीच आहे, लगेच फोन करीन.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका