मुलगा व्हावा म्हणून खारट खा, दूध बंद करा असं सांगतात. गर्भ राहण्याआधीच्या आहारानं खरंच फरक पडतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिली मुलगी अडीच वर्षांची आहे, आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे आणि घरच्यांनी कुणाकडून तरी एक कागद आणलाय. गर्भ राहायच्या आधी दोन महिने खारट, बटाटे, केळी भरपूर खायची, आणि दूध-दही, तीळ, शेंगदाणे, हिरवी भाजी बंद. तो कागद पाळावा का, असं विचारलंय तुम्ही.

पाळू नका. त्यानं मुलगा होत नाही, आणि त्यात जे बंद करायला सांगितलंय नेमकं तेच तुमच्या अंगाला आत्ता सगळ्यात जास्त लागणार आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 2009 पासून आशा म्हणून काम करते. त्याआधी मी स्वतः असंच सगळं करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2004 साली माझी मोठी पोरगी दोन वर्षांची होती. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाकडून औषध आणलं. गुळात वळलेल्या तीन काळ्या गोळ्या होत्या. त्या पहाटे, पूर्वेकडे तोंड करून, पहिलटकर गाईच्या दुधासोबत घ्यायच्या, आणि त्या गाईला गोऱ्हाच झालेला पाहिजे, कालवड चालत नाही. अशी गाय शोधायला आत्याबाई तीन गावं पायी फिरल्या. पितळी गडव्यात कोमट दूध घेऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “घे वं माय, नाकाले पदर लाव अन् एका घोटात पी.” त्या गोळीचा कडू, मातकट वास मला अजून आठवतो. त्या दिवसापासून माझं घरचं दूध बंद, भाजी बंद. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. स्वतःला चार मुली झाल्यावर त्यांनी काय काय ऐकून घेतलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

सातव्या महिन्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7.6 भरलं, म्हणजे रक्त फारच कमी. मुलगी झाली, 1 किलो 900 ग्रॅमची. आत्याबाई त्या माणसाला विचारायला गेल्या तर तो म्हणाला, “तुह्या सुनेनं येळ चुकवली असन.” म्हणजे चूक परत माझीच.

आता शास्त्राचं, जसं मला प्रशिक्षणात आणि नंतर स्वतः वाचून समजलं तसं. बाईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषाच्या शुक्राणूंमध्ये साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्सवाला बीजाला मिळाला तर मुलगी, वायवाला मिळाला तर मुलगा, आणि हे त्या एका क्षणात ठरून जातं. नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी 1905 मध्ये पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून हे दाखवलं. हे वाचल्यावर “मग दोष नवऱ्याचा” असं पुष्कळ जणी म्हणतात. तसंही म्हणू नका, कारण कोणता शुक्राणू पुढे जाईल हे त्याच्याही हातात नाही. दोष कोणाचाच नाही.

खारट खाल्लं म्हणून रक्त खारट होत नाही. तहान लागते, आणि जादाचं मीठ मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. केळी-बटाट्यातलं पोटॅशियम आणि दुधातलं कॅल्शियम यांचं रक्तातलं प्रमाण शरीर फार बारीक मापात राखतं. ताटात काय वाढलंय ते पाहून वायवाल्या शुक्राणूला वेगळा रस्ता मिळेल, अशी सोय शरीरात नाही.

तरी हा कागद आला कुठून? 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या काही संशोधकांनी मांडलं होतं की सोडियम-पोटॅशियम जास्त असेल तर मुलगा, कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर मुलगी. तुमच्या कागदावरचं खारट-केळी-बटाटे मला त्याचंच गावठी रूप वाटतं. पुढे 2010 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये मुलगी व्हावी म्हणून असाच आहार आणि दिवसांचा हिशोब एकत्र करून पाहिला, पण शेवटी हिशोबात धरण्याजोग्या फक्त 32 बायका उरल्या. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा, 2008 चा. तो तुम्हाला मोबाइलवर कोणीतरी पाठवेलच. पहिल्यांदा गरोदर असलेल्या 740 बायकांना गर्भ राहण्याच्या सुमारास काय खात होत्या ते विचारलं. भरपूर खाणाऱ्यांमध्ये 56 टक्के मुलगे निघाले, कमी खाणाऱ्यांमध्ये 45 टक्के. बातमी जगभर फिरली. पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञांनी, तो अभ्यास छापून आला होता त्याच नियतकालिकात लिहिलं की शंभरावर पदार्थ तपासले की एखाद-दुसरा योगायोगानंही जुळलेला दिसतोच. चीनमध्ये 1959 ते 1961 च्या भयंकर दुष्काळानंतर मुलग्यांचं प्रमाण किंचित घसरल्याचंही एका अभ्यासात आलं आहे. म्हणजे लाखो बायका उपाशी राहिल्या तेव्हा कुठे आकडा जरासा हलला. त्यातून तुमच्या एकीच्या पोटात काय येईल ते सांगता येत नाही.

आणि गुण का येतो म्हणतात, तेही सांगते. निसर्गतःच 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. उद्या मी गावातल्या शंभर जणींना रोज चिमूटभर साखर दिली तरी पन्नास-एक्कावन्न जणींना मुलगा होईल, आणि त्या साऱ्या घरांत माझ्या साखरेचं नाव निघेल. उरलेल्या घरांत वेळ चुकली, तोंड चुकीच्या दिशेला होतं, गाय बरोबर नव्हती. आमच्याकडे तो माणूस “मुलगी झाली तर निम्मे पैसे वापस” म्हणायचा. त्यात त्याचं काय गेलं सांगा.

आहाराच्या कागदामागून गोळी येते, म्हणून हे नीट वाचा. हरियाणात अशा पुत्रप्राप्तीच्या औषधांचे नमुने तपासले तेव्हा काहींमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, आणि वनस्पतींमधले स्त्रीसंप्रेरकासारखे घटक सापडले. ही औषधं घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे तिप्पट दिसला. शिवलिंगीच्या बिया त्यात नेहमीच्या, आणि तो वेल आपल्याकडे कुंपणाकुंपणाला दिसतो, म्हणून बायकांना भीती वाटत नाही. ही औषधं बहुतेक वेळा दिवस गेल्यावर, दीड-दोन महिन्यांनी देतात. मुलगा की मुलगी ते तोवर ठरून गेलेलं असतं आणि बाळाचे अवयव घडत असतात. तुम्हाला कोणी आणून दिलीच तर तोंडात घालू नका, गोळी उपकेंद्रात सिस्टरला दाखवा.

कायद्याचंही थोडक्यात. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा 2003 मध्ये गर्भधारणेआधीच्या लिंगनिवडीलाही लागू झाला. ठराविक लिंगाचं मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी काहीही देणं, लिहून देणं, त्याची जाहिरात करणं त्यात बसतं. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या 1000 मुलग्यांमागे 1991 ला 946 मुली होत्या, 2001 ला 913, आणि 2011 ला 894. हे आकडे वाचताना मला माझी धाकटी दिसते.

आता, गर्भ राहण्याआधीचं खाणं बिनमहत्त्वाचं आहे का? अजिबात नाही. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत मिटते. आमच्याकडे बायका नोंदणीला येतात तिसऱ्या महिन्यात. तोवर ते काम झालेलं असतं, बरं किंवा वाईट. त्यासाठी लागतं फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या किमान एक महिना आधीपासून. तुमच्या कागदावर बंद केलेल्या पालेभाज्या आणि शेंगदाणे यांत तेच असतं. अंबाडी, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात तुरीचे सोले, घट्ट वरण, जवसाची चटणी. वरून लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्यानं लोह अंगी लागत नाही. पण नुसत्या भाजीवर विसंबू नका, फॉलिक ॲसिडची गोळीही घ्या. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, आणि कमी रक्तावर दिवस गेले की मग भरून काढणं फार जड जातं. हे मी माझ्या अंगावर काढलंय.

आपल्या भागात आणखी एक तपासणी आधी करून घ्याच, सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. दोघांचीही. आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही अंगात तो आजार दडलेला असला, तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुतेकदा काहीच त्रास नसतो, म्हणून कळत नाही. पहिली मुलगी ठणठणीत आहे म्हणून टाळू नका, दुसऱ्या वेळी हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आणि नवऱ्याला सांगा, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि तंबाखूनं त्यांची संख्या नि चाल दोन्ही बिघडतात. घरात पथ्य पाळायचंच असेल तर हे पाळू द्या.

कागदाबद्दल घरात भांडू नका, असं मी म्हणेन. भांडलं की तुम्ही एकट्या पडता. सासूबाईंना सोबत घेऊन उपकेंद्रात जा आणि तुमचं रक्त त्यांच्यासमोर तपासून घ्या. आकडा सिस्टरच्या तोंडून ऐकू द्या. माझ्या वेळी आत्याबाईंनी 7.6 ऐकलं आणि त्याच संध्याकाळी शेंगदाणे-गुळाचे लाडू वळायला घेतले होते. घरचं दूधही मला तेव्हापासूनच परत सुरू झालं.

फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तुमच्या गावच्या आशाताईकडे किंवा सिस्टरकडे मागा, पैसे पडत नाहीत. घरात कोणी विचारलंच तर सांगा, चक्कर येते म्हणून दिल्या.